कानाने चालवायचा डेटाबेस

डेटाबेसला, म्हणजे टेबलांत साठवलेल्या माहितीला, प्रश्न विचारायची एसक्यूएल ही भाषा कानाने शिकायला सोपी आहे. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावर अर्थ बदलतो, एसक्यूएलमध्ये तसं काही नाही. काय हवं, कोणत्या टेबलातून हवं, कोणत्या अटीवर हवं, एवढं सांगायचं आणि सेमिकोलन देऊन थांबायचं. ऐकून समजतं आणि ऐकत ऐकत लिहिताही येतं. तरीही खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडून बीसीएला किंवा इंजिनिअरिंगला आलेला दृष्टिहीन विद्यार्थी डेटाबेसच्या लॅबमध्ये हमखास अडतो. त्याला क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिता येत असते. ती चालवल्यावर पुढे काय झालं, हे त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मी स्वतः स्क्रीन रीडरवर, म्हणजे संगणकावरचा मजकूर बोलून सांगणाऱ्या प्रोग्रामवर, डेटाबेसचं काम करते. हे सगळं मी त्या विद्यार्थ्यासाठी लिहिते आहे, आणि त्याच्या सरांसाठी, त्याला उद्या कामावर घेणाऱ्या टीम लीडरसाठीही.

डेटाबेस आपल्या बेळगाव सीमाभागाला नवा नाही. २००० साली सुरू झालेल्या भूमी योजनेनंतर कर्नाटकातल्या शेतजमिनीचा उतारा संगणकातून मिळायला लागला. त्यामागे डेटाबेसच आहे. कारखान्याला ऊस घातला की काट्यावरची नोंद कुठल्या तरी टेबलात जाते. पतसंस्थेचं कर्ज, डेअरीचं फॅट, सगळं तसंच. उदाहरणासाठी उसाचंच धरू. एका टेबलात शेतकरी: क्रमांक, नाव, गाव, सर्व्हे नंबर. दुसऱ्यात वजनाच्या पावत्या: पावती क्रमांक, शेतकरी क्रमांक, तारीख, टन. दोन्ही टेबलं जोडून ‘निपाणी भागातल्या शेतकऱ्यांनी या महिन्यात किती ऊस घातला’ हे विचारायचं आहे. एवढ्या साध्या कामात कानाला कुठे कुठे ठेच लागते ते बघू.

आधी स्क्रीन रीडर कसा चालतो ते. पुष्कळांना वाटतं, तो पडद्याकडे बघतो आणि दिसेल ते वाचतो. तसं नाही. विंडोजवर प्रत्येक प्रोग्रामने आपल्या बटणांची, यादींची, चौकटींची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायची असते: हे बटण आहे, त्याचं नाव ‘चालवा’, सध्या ते दाबता येतं. स्क्रीन रीडर ही माहिती मागून घेतो आणि बोलतो. अशी माहिती देण्याची पहिली ठरीव पद्धत मायक्रोसॉफ्टने १९९७ साली आणली, पुढे २००६ च्या सुमारास यूआय ऑटोमेशन नावाची जास्त सविस्तर पद्धत आली. विंडोजची तयार बटणं वापरली तर बहुतेक माहिती आपोआप जाते. पण पुष्कळ साधनं निकालाचा तक्ता वेगाने दिसावा म्हणून तो स्वतः रंगवतात. पडद्यावर रेघा, आकडे, सगळं दिसतं. ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र तिथे एक मोठा रिकामा चौकोन आहे एवढंच ठाऊक असतं. भिंतीवर रंगवलेल्या दारासारखं: लांबून दार, हात लावला की भिंत. साधन बनवणाऱ्याने त्या चौकोनातल्या प्रत्येक घराची माहिती वेगळी लिहून पुरवली, तरच स्क्रीन रीडर बोलेल.

जावामध्ये लिहिलेल्या साधनांची आणखी एक पायरी असते. ओरॅकलचं एसक्यूएल डेव्हलपर जावातलं आहे, आणि जावाची माहिती विंडोजच्या स्क्रीन रीडरपर्यंत पोचवायला जावा ॲक्सेस ब्रिज नावाचा दुवा लागतो. जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून तो जावासोबतच येतो, पण चालू करावा लागतो. त्यासाठी जॅबस्विच नावाची छोटी कमांड आहे. लॅबमधल्या संगणकावर तो बंद असला, की विद्यार्थी म्हणतो सॉफ्टवेअर मुकं आहे, सर म्हणतात याला जमत नाही, आणि दोष एका बंद राहिलेल्या स्विचचा असतो.

स्क्रीन रीडर कोणता घ्यावा? जॉज १९८९ पासून आहे, ताकदीचा आहे, पण विकत घ्यावा लागतो आणि एका विद्यार्थ्याच्या खिशाला तो जड जातो. एनव्हीडीए फुकट आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. जेम्स टेह हा त्याचा मित्रही अंध. दोघांनी मिळून २००७ मध्ये त्यासाठी संस्था काढली. त्याचा कोड खुला आहे आणि बराचसा पायथॉनमध्ये आहे. सोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. आवाज यांत्रिक आहे, पण खूप वेगात बोलला तरी शब्द फुटत नाहीत, म्हणून आम्ही तोच वापरतो. नव्या माणसाला माझा संगणक ऐकून काही कळत नाही. कानाला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो, घाई करू नये.

आता निकालाच्या तक्त्याकडे येऊ, कारण खरी अडचण इथेच आहे.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या, कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत आपली क्वेरी चालवली, की अधिकची चिन्हं, आडव्या रेघा आणि उभ्या दांड्या लावून आखलेला तक्ता येतो. डोळ्याला नीटनेटका. कानाला मात्र ‘अधिक, वजा, वजा, वजा’ अशी रांग, मग दांडी, नाव, बऱ्याच मोकळ्या जागा, दांडी, गाव, दांडी. चिन्हांचं वाचन बंद केलं तर शब्द सलग येतात, पण ‘१२.४०’ हा आकडा टनांचा की आणखी कशाचा हे कळायला कॉलम मनात मोजत बसावं लागतं. चार कॉलमला हे जमतं. वीस कॉलमला माणूस थकतो.

यावरचा उपाय त्याच खिडकीत आहे, आणि फार थोड्या वर्गांत तो शिकवला जातो. क्वेरीच्या शेवटी सेमिकोलनऐवजी बॅकस्लॅश आणि मोठ्या लिपीतला जी लिहा. प्रत्येक नोंद उभी येते: नाव, मग त्याची किंमत, गाव, मग त्याची किंमत, टन, मग आकडा. ओळीला एक गोष्ट. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या अशाच खिडकीत, म्हणजे पीएसक्यूएलमध्ये, हेच काम बॅकस्लॅश एक्स करतं, एसक्यूलाइट या तिसऱ्या डेटाबेसमध्ये मोड लाइन. एकेक नोंद नीट तपासायची असेल तर याहून चांगलं काही नाही.

पण दोन नोंदींची तुलना करायची असेल, एकाच कॉलमवरून खाली उतरत जायचं असेल, तर उभी मांडणी पुरत नाही. अशा वेळी मी निकाल एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानाच्या रूपात, काढते. मायएसक्यूएलचा क्लायंट सुरू करतानाच तसं सांगता येतं, पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश मोठा एच, एसक्यूलाइटमध्ये मोड एचटीएमएल, ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये मार्कअपची सेटिंग. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की तो खराखुरा तक्ता असतो. एनव्हीडीएमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणांच्या कळा दाबल्या की एका घरातून दुसऱ्या घरात जाता येतं, आणि कॉलम बदलला की त्याचं शीर्षक आधी ऐकू येतं: ‘टन, १२.४०’. खाली गेलं की त्याच कॉलमातला पुढचा आकडा. डोळस माणूस बोट फिरवून करतो तेच, तेवढ्याच वेगाने. महागडी साधनं जे देत नाहीत ते या जुन्या सोयीने मिळतं.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल, काढून एक्सेलमध्ये उघडणं हाही रस्ता आहे. एक्सेल स्क्रीन रीडरशी चांगलं बोलतं, आणि एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट), शिफ्ट, सी एकत्र दाबून शीर्षकाची ओळ एकदा ठरवून दिली की एनव्हीडीए प्रत्येक घरासोबत कॉलमचं नावही सांगतो. मात्र आपल्याकडच्या डेटात एक धोका आहे. सर्व्हे नंबर ‘१२/३’ असा इंग्रजी आकड्यांत असेल तर एक्सेल फाइल उघडतानाच तो १२ मार्च करून टाकतं. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य उडतं. जमिनीच्या नोंदीत हे चालणार नाही. म्हणून अशी फाइल थेट उघडू नये. आयात करताना तो कॉलम मजकूर आहे असं सांगावं, नाहीतर एचटीएमएलच बरं.

चौकटींवाल्या मोठ्या साधनांतही मजकुराची वाट असते, ती शोधायची. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये क्वेरी चालवण्याआधी कंट्रोल टी दाबलं की निकाल ग्रिडऐवजी, म्हणजे चौकटींच्या तक्त्याऐवजी, साध्या मजकुरात येतो, आणि एफ ६ ने क्वेरी आणि निकाल यांच्यात ये-जा करता येते. एसक्यूएल डेव्हलपरमध्ये एफ ५ ने स्क्रिप्ट म्हणून चालवलं की निकाल मजकुरात मिळतो. डीबीव्हर या साधनातही निकाल मजकुराच्या रूपात दाखवायची सोय आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनांत वेगळी गोम असते: निकाल हजारो ओळींचा असला तरी पुष्कळ वेब ग्रिड त्या क्षणी दिसणाऱ्याच ओळी पानावर ठेवतात. स्क्रीन रीडरला तेवढ्याच सापडतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं डेटा संपला.

ही भीती नको म्हणून कानाने काम करणारा माणूस आधी मोजणी करतो. किती नोंदी येणार ते काउंटने विचारायचं, मग लिमिट घालून थोड्या मागवायच्या, आणि सगळेच कॉलम मागणाऱ्या सिलेक्ट स्टारऐवजी हवे तेवढेच कॉलम लिहायचे. पाच हजार ओळी कानावर ओतून घ्यायला कुणालाच आवडत नाही. सर्व्हरवरचा भारही त्याने कमी होतो, म्हणून ही सवय वर्गातल्या सगळ्याच मुलांना लावावी असं माझं स्पष्ट मत आहे.

क्वेरी लिहिण्याच्या बाजूला तुलनेने कमी त्रास आहे. एसक्यूएलमध्ये स्वल्पविराम किंवा एकेरी अवतरण चुकलं की सगळं अडतं, आणि स्क्रीन रीडर साधं वाचन करताना ही चिन्हं गाळतो. एनव्हीडीए की आणि पी दाबून चिन्हांच्या वाचनाची पातळी वाढवता येते. त्याहून बरं म्हणजे कोड लिहिण्याच्या प्रोग्रामसाठी वेगळं प्रोफाइल करून ठेवायचं, म्हणजे ब्राउझरमध्ये बातमी वाचताना प्रत्येक स्वल्पविराम ऐकावा लागत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरने या बाबतीत मनापासून काम केलं आहे. चूक असलेल्या ओळीवर कर्सर आला की वेगळा आवाज येतो, आणि ऑल्ट एफ १ दाबलं की तिथे कोणत्या कळा चालतात याची मदत मिळते.

टेबलांमधलं नातं दाखवणारी आकृती, म्हणजे ईआर डायग्राम, ही मात्र शुद्ध चित्र असते. लॅबमध्ये सर म्हणतात, ‘डायग्राम बघा, इथून रेघ तिकडे जाते.’ ती रेघ डेटाबेसच्या आत मजकुराच्या रूपात आधीच असते. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये इन्फॉर्मेशन स्कीमा नावाच्या टेबलांना विचारलं, की कोणत्या टेबलाचा कोणता कॉलम कोणत्या टेबलाकडे बोट दाखवतो याची यादी मिळते. आपल्या उदाहरणात एकच ओळ येईल: पावत्यांमधला शेतकरी क्रमांक हा शेतकरी टेबलातल्या क्रमांकाशी बांधलेला आहे. शंभर टेबलांच्या डेटाबेसचं भिंतभर चित्र डोळस माणसालाही धड वाचता येत नाही. अशी यादी शोधता येते, गाळता येते. परीक्षेत आकृती काढायला सांगतात तिथे नात्यांचं लेखी वर्णन स्वीकारायला काही हरकत नसावी. विद्यार्थ्याला नातं समजलं आहे का, एवढंच तर तपासायचं असतं.

क्वेरी हळू का चालते हे सांगणारा आराखडा हीसुद्धा मोठ्या साधनांत रंगीत आकृती असते. तिथेही मजकूर मागता येतो. पोस्टग्रेसमध्ये एक्सप्लेन ही कमांड मूळची मजकुरातच उत्तर देते, मायएसक्यूएलमध्ये ८.०.१६ पासून ट्री फॉरमॅट आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये शोप्लॅन टेक्स्ट. या मजकुरात कोणती पायरी कोणाच्या पोटात आहे हे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून कळतं, आणि स्क्रीन रीडर ती जागा सहसा सांगत नाही. एनव्हीडीएमध्ये ओळीचं इंडेंटेशन सांगण्याची सेटिंग आहे. बोलून सांगायला लावता येतं किंवा सुरांनी: जागा वाढली की सूर चढतो. मी सूर ठेवते. आराखडा ऐकताना पायऱ्यांची चढउतार कानाला स्पष्ट कळते.

आता आपल्या सीमाभागाची खास गोष्ट. पुण्यातल्या प्रोग्रामरला सहसा दोन लिप्या पुरतात. बेळगावात काम करणाऱ्याच्या टेबलात तीन असतात. सभासदाचं नाव मराठीत, गावाचं नाव कन्नडमध्ये, पत्ता इंग्रजीत, आणि कधी कधी हे सगळं एकाच ओळीत. वेब पानावर मजकुराला भाषेची खूण लावता येते, आणि ती असली की एनव्हीडीए आपोआप आवाज बदलतो. डेटाबेसच्या ग्रिडमध्ये किंवा काळ्या खिडकीत अशी खूण नसते. मग लावलेला आवाज परक्या लिपीतला मजकूर गाळून पुढे जातो किंवा भलतंच उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं ते घर रिकामं आहे. रिकामं घर आणि न वाचलेलं घर यांत डेटाबेसच्या कामात फार मोठा फरक आहे. म्हणून शंका आली की त्या घरातल्या अक्षरांची संख्या विचारायची: मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये कॅरॅक्टर लेंथ, एसक्यूएल सर्व्हरमध्ये लेन. सात उत्तर आलं तर आत काहीतरी आहे, आवाज बदलायला हवा. कायमचा उपाय म्हणजे निकालाचं एचटीएमएल बनवणारी छोटी पायथॉन स्क्रिप्ट. ती कन्नड कॉलमला कन्नडची आणि मराठी कॉलमला मराठीची खूण लावते, आणि एकाच ओळीत तिन्ही भाषा आपापल्या उच्चारात ऐकू येतात. ही स्क्रिप्ट एका दुपारी लिहून होते. एखाद्या कॉलेजने प्रोजेक्ट म्हणून ती करून घेतली आणि सगळ्यांना खुली केली तर मला फार आनंद होईल.

दोन गोष्टी डोळसांनाही चकवतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरी किंवा कन्नड मजकूर भरताना अवतरणाच्या आधी मोठा एन लिहिला नाही, तर सर्वसाधारण मांडणीत नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठतात. चिन्हांचं वाचन बंद ठेवलेल्या स्क्रीन रीडरला तिथे शांतताच ऐकू येते. दुसरी गोष्ट ‘शेतकऱ्यांची सोसायटी’ यातल्या ऱ्याची. तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: कुणी वेगळा ऱ वापरतो, कुणी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावतो. दिसायला दोन्ही सारखे, उच्चारही एकच, पण नेहमीच्या मांडणीतल्या पोस्टग्रेसमध्ये ते समान ठरत नाहीत. एका सोसायटीची दोन खाती होतात आणि बेरीज चुकते. इथे डोळेही कामाचे नाहीत, कानही नाहीत. मजकुराचे बाइट, म्हणजे संगणकात साठलेले मूळ आकडे, हेक्समध्ये काढून बघावे लागतात.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडची पुष्कळ मुलं पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांची कामं गावातून करतात, आणि कंपनी त्यांना रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबच्या संगणकावर काम करायची सोय, देते. रिमोट डेस्कटॉपमधून सहसा पलीकडच्या पडद्याचं चित्र येतं, आणि चित्रात स्क्रीन रीडरला ऐकण्यासारखं काही नसतं. पलीकडच्या संगणकावरही एनव्हीडीए बसवू दिला तर मार्ग निघतो, २०२५.१ या आवृत्तीपासून दोन संगणकांवरचे एनव्हीडीए एकमेकांना जोडायची सोय त्यातच आली आहे. पण कंपनीने त्याहून सोपी गोष्ट करावी. डेटाबेस हा नेटवर्कवरून बोलणारा सर्व्हर असतो: मायएसक्यूएल ३३०६ या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या क्रमांकावर, पोस्टग्रेस ५४३२ वर, एसक्यूएल सर्व्हर १४३३ वर. व्हीपीएनमधून, म्हणजे कंपनीच्या सुरक्षित जोडणीतून, तेवढं एक पोर्ट उघडून दिलं, की माणूस आपल्या संगणकावर, आपल्या आवाजात, आपल्या साधनाने काम करतो.

ही मागणी करताना संकोच वाटू देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि माहिती-तंत्रज्ञान सगळ्यांना वापरता येण्याजोगं असावं हे त्यात स्वतंत्र कलमाने सांगितलं आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला ऑनलाइन केवायसीबद्दल होता, पण अर्ज लिहिताना त्याचा आधार घेता येतो.

सरांनी आणि टीम लीडरने एखादं साधन निवडण्याआधी एवढं करून पाहावं. माउस बाजूला ठेवा, एनव्हीडीए चालू करा, पडदा बंद करा. फक्त कळांनी सर्व्हरला जोडा, एक क्वेरी चालवा, निकालातल्या तिसऱ्या ओळीचा टनांचा आकडा सांगा, मग मुद्दाम चुकीची क्वेरी चालवून चूक झाल्याचा संदेश कुठे आला ते शोधा. अर्ध्या तासात साधनाचं खरं रूप कळतं.

जिथे अडलात ते बनवणाऱ्यांना लिहून कळवा, विशेषतः डीबीव्हरसारख्या खुल्या कोडच्या साधनांना. ‘ॲक्सेसिबल नाही’ एवढं लिहून कुणाला काही करता येत नाही. साधनाची आवृत्ती, स्क्रीन रीडरची आवृत्ती, कोणती कळ दाबली, काय ऐकू आलं आणि काय ऐकू यायला हवं होतं, हे एकेका ओळीत लिहा. एनव्हीडीएचा स्पीच व्ह्यूअर चालू केला की तो बोललेलं सगळं मजकुरात दाखवतो. तो मजकूर उतरवून तक्रारीला जोडा, म्हणजे पलीकडचा डोळस प्रोग्रामरही तुम्ही काय ऐकलंत ते वाचू शकेल.